फिट टेस्ट घेणाऱ्याला नापास करू द्या

कारखान्यांचे व्यवस्थापक, सुरक्षा विभागप्रमुख आणि खरेदी विभागातली मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

खरेदी विभागाचं नाव वर मुद्दाम घातलं आहे. का, ते पुढे येईलच.

मी कारखान्याच्या आरोग्य केंद्रात नर्स आहे. धूळ, वेल्डिंगचा धूर, रंगाची वाफ अशा जागी काम करणाऱ्यांच्या रेस्पिरेटरची, म्हणजे चेहऱ्याला घट्ट बसणाऱ्या मास्कची फिट टेस्ट घेणं, तो कडेनं गळतो का हे तपासणं, हे काम माझ्याकडे नंतर आलं, आणि आलं ते "एका दिवसाचं ट्रेनिंग आहे, जाऊन या, आठवड्याभरात सगळ्यांचं उरका" अशा पद्धतीनं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी कोणाला तरी असंच पाठवलं असेल, नाहीतर लवकरच पाठवाल. त्या माणसाच्या वतीनं हे पत्र लिहिते आहे. मागणी एकच: त्याला लोकांना नापास करू द्या, आणि नापास केल्यावर पुढे जे करावं लागतं त्यासाठी वेळ आणि सामान द्या.

तुम्हाला हवी असते ती भरलेली फाइल. प्रत्येक नावापुढे तारीख, सही आणि 'पास'. ऑडिटवाला पानं उलटतो, मान हलवतो, विषय संपतो. माझं मत सरळ सांगते: जिथे एकाच मॉडेलच्या एकाच साइझमध्ये सगळेच्या सगळे पहिल्या फटक्यात पास झालेत, त्या फाइलवर माझा विश्वास नाही. सगळ्यांची नाकं, हनुवट्या आणि गालफडं सारखी असतात असं कुठेच होत नाही. तिथे टेस्ट झालेलीच नसते, किंवा झाली असली तरी घेणाऱ्याला गळती ओळखता आलेली नसते.

मास्क विकला जातो तो फिल्टरच्या नावावर. एन-९५ म्हणजे पकडायला सर्वांत अवघड अशा, साधारण ०.३ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कणांपैकी निदान ९५ टक्के अडवणारा फिल्टर. पण हे काम फिल्टर तेव्हाच करतो, जेव्हा हवा त्याच्यातून जाते. नाकाच्या बाजूला किंवा हनुवटीखाली फट असली, तर श्वास घेताना हवा तिथूनच आत येते, कारण तिथे तिला अडवणारं काहीच नाही. आणि यातली खरी फसवी गोष्ट अशी की गळका मास्क घालायला जास्त बरा वाटतो. श्वास सहज येतो, आत गरम होत नाही, चेहऱ्यावर दाब येत नाही. म्हणून "मास्क बसतोय ना नीट?" असं विचारून काही कळत नाही. ज्याचा सर्वांत जास्त गळतो, तोच सर्वांत समाधानी असू शकतो. सिलिकाची, म्हणजे दगड-वाळूतली जी धूळ फुप्फुसात खोलवर जाते ती काही मायक्रॉनची असते. डोळ्यांना दिसत नाही, नाकाला झोंबत नाही. मास्क गळत होता हे कामगाराला कळतं ते काही वर्षांनी, एक्स-रेमध्ये.

फिट टेस्ट ही गळती मोजते किंवा ओळखते. बाहेरच्या हवेतले कण आणि मास्कच्या आतले कण यांचं प्रमाण म्हणजे फिट फॅक्टर. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेच्या नियमांप्रमाणे अर्ध्या चेहऱ्याच्या मास्कला तो किमान १०० लागतो, पूर्ण चेहऱ्याच्याला ५००. म्हणजे अर्ध्या मास्कच्या आत बाहेरच्या शंभरातला फार तर एक भाग यावा. हे झालं टेस्टच्या खोलीत उभं राहून, नव्या मास्कमध्ये, कोणीतरी बघत असताना. प्रत्यक्ष कामात, घामानं भिजलेल्या चेहऱ्यावर, चौथ्या तासाला तितकं मिळत नाही. म्हणून नियम दहा पट वाव ठेवतात आणि अर्ध्या मास्कचं संरक्षण कामावर १० पटच धरतात, पूर्ण चेहऱ्याच्याचं ५० पट. तेव्हा "नव्वद आलेत, लिहून टाका शंभर" असं कोणी टेस्ट घेणाऱ्याला म्हणालं, तर तो मुळातच मोजून ठेवलेला वाव खात असतो.

आता शिकण्याबद्दल. एका दिवसात माणूस पायऱ्या पाठ करून येतो. चवीची टेस्ट घ्या, जी बहुतेक ठिकाणी चालते, कारण तिला महागडं यंत्र लागत नाही. आधी मास्क न घालता कामगाराच्या डोक्यावर हुड, म्हणजे डोकं झाकणारी मोठी टोपी चढवायची, तोंड किंचित उघडं, जीभ थोडी बाहेर, आणि गोड सॅकरिनचं किंवा कडू बिट्रेक्सचं अगदी पातळ द्रावण नेब्युलायझरनं, म्हणजे हातात धरायच्या फवाऱ्यानं, आत फवारायचं. रबरी फुगा दहा वेळा दाबून चव आली का विचारायचं. नाही तर वीस, नाही तर तीस. तिसालाही आली नाही तर त्या माणसावर त्या चवीची टेस्ट चालणार नाही, दुसरी पद्धत शोधा. चव आली, तर तोंड धुवायचं, चव जाईपर्यंत थांबायचं, मग मास्क घालून पुन्हा हुड आणि आता खूप दाट द्रावण. सॅकरिनचं हे द्रावण पहिल्याच्या शंभर पट दाट असतं. साधा श्वास, खोल श्वास, मान डावी-उजवीकडे, मान वर-खाली, बोलणं, कमरेत वाकणं, पुन्हा साधा श्वास. प्रत्येकी एक मिनिट आणि दर तीस सेकंदांनी सुरुवातीच्या निम्मे फवारे. शेवटपर्यंत चव आली नाही, तर पास.

हे सगळं कागदावर मावतं. कागदावर मावत नाही ते असं की या टेस्टमध्ये जवळजवळ प्रत्येक चूक 'पास'च्याच बाजूला पडते. नेब्युलायझरचं तोंड द्रावण वाळून चोंदलं, तर हुडमध्ये काही जातच नाही आणि माणूस पास. ओशाच्या पद्धतीत म्हणूनच नेब्युलायझर अधूनमधून तपासायला आणि निदान दर चार तासांनी धुऊन नव्यानं भरायला सांगितलं आहे. सत्राच्या शेवटी तो चोंदलेला सापडला तर टेस्ट बाद. दोन बाटल्यांची अदलाबदल झाली, पातळ द्रावण टेस्टला वापरलं गेलं, तरी पास. कामगार आधीच काही गोड खाऊन आला, तरी पास. पंधरा मिनिटं आधीपासून पाण्याशिवाय काही नको हा नियम त्यासाठीच आहे. फवारा देणाऱ्याचा हात दुखला आणि दाब हलका पडू लागला, तरी पास. उलट्या बाजूची, म्हणजे चांगल्या बसलेल्या मास्कला नापास ठरवणारी चूक क्वचितच होते, आणि झाली तर माणूस पुन्हा टेस्ट देतो, नुकसान अर्ध्या तासाचं. ज्यानं हे समजून घेतलं नाही तो फवारतो, विचारतो, सही घेतो आणि मनापासून समजतो की आपण टेस्ट घेतली.

मी स्वतः टेस्ट संपल्यावर, हुड काढण्याआधी, पास झालेल्याला मास्कची कड बोटानं जराशी उचलायला सांगते. तोंड लगेच वेडंवाकडं व्हायला हवं. नाही झालं तर मघाचं पास मी खोडते.

दुसरी गोष्ट विचारण्याची. "चव येत नाही ना?" असं म्हटलं की समोरचा मान हलवून "नाही" म्हणतो. समजुतदार माणूस आहे, नर्सबाईंना काय हवंय ते त्याला कळतं. मी आता आधीच सांगून ठेवते की चव आली तर त्याच क्षणी हात वर करायचा, आणि मग टेस्टभर त्या विषयावर एक अक्षर बोलत नाही. त्याचा चेहरा बघत राहते. गिळणं, ओठ चाटणं, कपाळाला आठी, एवढ्यात बरंच कळतं. काही जण हात वर करत नाहीत, कारण मागे रांग उभी आहे, नाहीतर सुपरवायझर दारात घड्याळ बघत उभा आहे. काही जणांना वाटतं, नापास झालो तर ब्लास्टिंगवरून (वाळूसारख्या कणांचा मारा करून पृष्ठभाग साफ करण्याच्या कामावरून) काढतील आणि भत्ता जाईल. ही भीती टेस्ट घेणाऱ्याच्या बोलण्यानं जात नाही. ती तुमच्या सहीच्या कागदानं जाते, ज्यावर स्पष्ट लिहिलेलं असेल की नापास होणारा मास्क असतो, माणूस नव्हे, आणि मास्क मिळेपर्यंत माणसाच्या पगाराला धक्का लागणार नाही. तसा कागद सूचना फलकावर लावा. फार मोठं काम होईल.

बोलण्याच्या हालचालीविषयी जाता जाता. पद्धतीत एक उतारा वाचायला देतात. पण न वाचता येणाऱ्यानं शंभरापासून उलटे आकडे म्हटले किंवा पाठ असलेली कविता, गाणं म्हटलं तरी नियमाला चालतं. जबडा हलला पाहिजे एवढंच. उतारा वाचता येत नाही म्हणून लाजून टेस्टच टाळणारी माणसं मी पाहिली आहेत. गाणं म्हणा म्हटल्यावर रंगात येतात.

यंत्रानं घ्यायच्या टेस्टबद्दल तुमच्यातल्या काहींना भलताच विश्वास असतो: यंत्र आकडा देतं, मग शिकायचं काय? यंत्र बाहेरचे आणि आतले कण मोजतं, कामगाराच्या सांगण्यावर अवलंबून राहत नाही, हे खरं. पूर्ण चेहऱ्याच्या मास्कला ५०० चा आकडा सिद्ध करायचा असेल तर चवीची टेस्ट पुरतही नाही. तिची झेप १०० पर्यंतच. पण यंत्रालाही फसवता येतं, बहुधा नकळत. नुकतीच सिगारेट ओढून आलेल्याच्या श्वासातून कण बाहेर येत राहतात आणि आतला आकडा बिघडवतात. खोलीतली हवा फारच स्वच्छ असेल तर मोजायला कणच पुरत नाहीत, ते मुद्दाम निर्माण करावे लागतात. एन-९५ सारख्या मास्कच्या फिल्टरमधूनच थोडे कण आत येतात, म्हणून त्यासाठी यंत्र वेगळ्या रीतीनं लावावं लागतं. नाहीतर नीट बसलेला मास्कही नापास दिसतो आणि मग कोणीतरी वैतागून यंत्रच बाजूला ठेवतो. नळी जोडण्यासाठी ज्या मास्कला भोक पाडलं तो कामावर द्यायचा नाही, हे सांगायला नको, पण सांगते, कारण असे मास्क परत कपाटात ठेवलेले मी पाहिले आहेत.

आणि हो, २०१९ मध्ये ओशानं यंत्राच्या टेस्टची एक छोटी पद्धत मान्य केली, तिच्यात चारच हालचाली आणि अडीच मिनिटांच्या आसपास वेळ. हा आकडा तुमच्या कानावर लवकर जातो. पण वेळ हालचालींत जातच नाही. कामगार आरामशीर बसेल असा मास्क निवडण्यात जातो, तो पाच मिनिटं घालून बसण्यात जातो, पट्टे नीट लावायला शिकवण्यात जातो. वरचा पट्टा डोक्याच्या मागे वर, खालचा कानांखाली मानेवर. दोन्ही मानेवर लावलेले तर रोज दिसतात. नाकाची पट्टी एका हाताच्या चिमटीत दाबली की मध्ये टोक येतं आणि दोन्ही बाजूंना फटी. दोन्ही हातांच्या बोटांनी दाबायची. हे करून दाखवणं, मग त्याला करायला लावणं, मग काढून पुन्हा करायला लावणं, यात टेस्टचा अर्धा उपयोग आहे. चवीची टेस्ट माणशी वीस मिनिटांच्या आत नीट होत नाही, आणि नापास झाला की दाट द्रावणाची चव जिभेवरून जाऊ देऊन पहिल्यापासून सगळं. तेव्हा एका शिफ्टमध्ये किती जण, हे तुम्ही ठरवू नका. टेस्ट घेणाऱ्याला विचारा.

आता खरेदी विभाग. फिट टेस्ट त्या माणसाची आणि त्याच मॉडेलच्या त्याच साइझच्या मास्कची असते. मॉडेल बदललं की ती टेस्ट संपली. "स्पेसिफिकेशन सेम आहे, पुरवठादार बदलला" हे वाक्य तुमच्यासाठी बचत असेल. आमच्यासाठी ते सगळी फाइल रद्द झाल्याचं पत्र असतं. महासाथीत जगभर हेच झालं: टेस्ट एका मास्कवर, आणि हातात पडेल तो दुसराच. तेव्हा नाइलाज होता. आज नाही. मॉडेल बदलण्याआधी टेस्ट घेणाऱ्याला विचारा, आणि एकच मॉडेल कधीही मागवू नका. सेफ्टी शूज देताना प्रत्येकाचा नंबर विचारता, आणि मास्क मात्र सगळ्यांना एकच 'स्टँडर्ड' देता.

हे 'स्टँडर्ड' कोणाच्या चेहऱ्यावरून आलं, तेही पाहा. अमेरिकेत मास्क तपासायला १९७० च्या दशकात जे चेहऱ्यांचं पॅनेल ठरलं, ते १९६० च्या दशकात मोजलेल्या हवाई दलातल्या लोकांच्या मापांवरून. पुढे नायोश या तिथल्याच कामगार-आरोग्याच्या संशोधन संस्थेनं २००३ मध्ये जवळपास चार हजार कामगारांचे चेहरे मोजून चेहऱ्याची लांबी आणि रुंदी यांवर नवं पॅनेल बनवलं. तेही अमेरिकी कामगारांचंच. ज्यांचे चेहरे त्या मापांपासून दूर, अरुंद किंवा लहान, त्यांना नेहमीचा मधला साइझ बसेलच याची काही खात्री नाही. बायकांच्या बाबतीत हे मी वारंवार पाहते: मास्क नाकावर टेकतो, हनुवटीखाली बोट जाईल एवढी जागा. "पट्टे घट्ट करा" हा त्यावरचा उपाय नव्हे. घट्ट केल्यानं कड वाकते आणि गळती दुसरीकडे सरकते. लहान साइझ हवा, किंवा दुसऱ्या आकाराचा मास्क. कपाटात दोन-तीन बनावटींचे वेगवेगळे साइझ नसतील, तर टेस्ट घेणारा नापास करून करणार काय? तो हताशपणे त्याच मास्कमध्ये त्याला तीनदा बसवेल, आणि तिसऱ्यांदा कसंबसं पास लिहील. तुमच्या कपाटानं त्याला तसं करायला लावलं.

दाढीचा वाद मला एकटीवर सोडू नका. मास्कची कड जिथे टेकते तिथे खुंट असले तर टेस्ट घ्यायचीच नसते, पद्धतच तसं सांगते. मिशी कडेच्या आत राहत असेल तर चालते. हे मी सांगितलं की "मॅडम, साहेबांनाही दाढी आहे" असं उत्तर येतं, आणि ते बरोबरच असतं; साहेब धुळीत उतरणार असतील तर त्यांनाही हाच नियम. श्रद्धेमुळे दाढी ठेवणाऱ्याला ती काढायला लावू नका. पंख्यानं गाळलेली हवा देणारे, डोक्यावरून सैल हुड असलेले रेस्पिरेटर मिळतात. त्यांना चेहऱ्याशी सील लागत नाही, फिट टेस्टही लागत नाही. महाग असतात. ती खरेदी तुमची आहे, माझी नाही.

टेस्ट कामावर जे घालतात त्यासकट घ्यायची, म्हणजे चष्मा, गॉगल, हेल्मेट, इअरमफ सगळं. हे सामान टेस्टच्या खोलीत असेल असं बघा. कामगाराला हेल्मेट गेटवर ठेवून पाठवलं की मी त्याला परत पाठवते आणि तुमच्याकडे तक्रार येते. यापुढे तक्रार आली तर कारण माहीत असू द्या. टेस्ट दर वर्षी पुन्हा, आणि दात काढले, कवळी बसवली, चेहऱ्यावर व्रण आला किंवा वजनात डोळ्यांना दिसेल एवढा फरक पडला तर मध्येच. आणि या सगळ्याच्या आधी, मास्क घालून काम करणं त्याच्या हृदयाला, फुप्फुसांना झेपेल का याची वैद्यकीय तपासणी.

शिकायला माणूस पाठवताना काय बघायचं? ओशाचा नियम कोणतंही सर्टिफिकेट मागत नाही. टेस्ट घेणाऱ्याला द्रावण बनवता आलं पाहिजे, उपकरण जुळवून नीट ठेवता आलं पाहिजे, टेस्ट बरोबर घेता आली पाहिजे आणि बाद टेस्ट ओळखता आली पाहिजे, असं म्हणतो. ब्रिटनमध्ये 'फिट टू फिट' नावाची योजना आहे, तिच्यात टेस्ट घेणाऱ्याची स्वतःचीच परीक्षा घेतात. तुमच्याकडे कोणतीही पद्धत असो, ट्रेनिंग देणाऱ्याला एक विचारा: शिकणारा किती वेळा नापास टेस्ट बघेल? वरचा पट्टा मुद्दाम खाली घेतलेला, नाकाची पट्टी न दाबलेली, एक नंबर मोठा मास्क, कडेखाली अडकलेली केसांची बट, अशा अवस्थांत टेस्ट घेऊन दाखवली पाहिजे, आणि शिकणाऱ्यानं स्वतः हुडखाली बसलं पाहिजे. बिट्रेक्सचा कडूपणा ज्यानं जिभेवर घेतला नाही, त्याला समोरच्याच्या चेहऱ्यावरचा बदल ओळखता येत नाही. परत आल्यावर पहिले काही दिवस त्याला अनुभवी माणसाच्या शेजारी बसवा. आणि त्याच्या कामाचा हिशेब 'किती पास' या आकड्यावर ठेवू नका. नोंदवहीत नापास टेस्टही लिहिल्या जातात का, कोणत्या मास्कवर, आणि नंतर कोणता बसला, ते बघा. त्या नोंदींतूनच खरेदी विभागाला पुढची ऑर्डर कळेल.

एक गोष्ट टेस्ट घेणाऱ्याच्या गळ्यात घालू नका: धूळ. दगड कापताना पाणी सोडणं, धूर निघतो तिथेच ओढून घेणारं सक्शन बसवणं, दमट झाडलोट, हे मास्कच्या आधी येतं. जिथे हवेत धुळीचा ढग दिसतो तिथे उत्तम फिट झालेला अर्धा मास्कही दहापटीचंच संरक्षण देतो, आणि ढग त्याहून मोठा असू शकतो.

कंत्राटी माणसांबद्दल शेवटी लिहिते आहे, कारण यादीतही ती शेवटीच येतात. सर्वांत जास्त धूळ असलेल्या कामावर, म्हणजे भट्टीची साफसफाई, ब्लास्टिंग, पत्र्याची कापाकापी यावर बहुधा तीच असतात, आणि "त्यांचं कॉन्ट्रॅक्टर बघेल" असं ठरलेलं असतं. कॉन्ट्रॅक्टर बघत नाही. त्याच्याकडे हुड नाही, द्रावण नाही, आणि आज आलेली माणसं उद्या दुसऱ्या साइटवर असतात. गेटवर गेटपास बनवतानाच फिट टेस्टची तारीख, मॉडेल आणि साइझ विचारण्याची सोय करा, आणि नसेल तर कामाला लागण्याआधी त्याला आरोग्य केंद्रात पाठवा. सकाळी पहिला तास मी त्यासाठी मोकळा ठेवायला तयार आहे; त्या तासात दुसरं काम माझ्याकडे पाठवू नका, एवढं लेखी द्या.

आपली,
एका कारखान्यातली, फिट टेस्ट घेणारी नर्स